छोट्या रुग्णालयासाठी फरशी कोणती निवडावी?

प्रश्न: चिपळूणजवळ आम्ही २० खाटांचे रुग्णालय बांधत आहोत. ठेकेदार सर्वत्र चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स सुचवतो. त्या देखण्या असल्या, तरी पावसाळ्यात ओल्या पावलांनी येणारे रुग्ण घसरतील अशी धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर १: धास्ती रास्त आहे. शिवाय टाइलच्या सांध्यांत रक्त व औषधे मुरतात आणि स्ट्रेचरची चाके प्रत्येक सांध्यावर खडखडतात. शस्त्रक्रियागृहात व अतिदक्षता विभागात २ मिमी जाडीचे एकजिनसी व्हिनाइल (जमिनीवर चिकटवायचे प्लास्टिकचे आवरण) घ्यावे, त्याचे सांधे उष्णतेने जोडून घ्यावेत आणि कडा गोलाई देऊन भिंतीवर १०० मिमी चढवावी, म्हणजे कोपऱ्यात मळ साचत नाही.

उत्तर २: सहमत, मात्र कोकणात तळमजल्याच्या कोब्यातील ओल मोजल्याशिवाय व्हिनाइल चिकटवू नये, अन्यथा ते फुगते. मार्गिकेत कोटा दगडाची फरशी उत्तम टिकते (आणि खिशालाही परवडते), पण कोटा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्यावर ॲसिड फिरवू देऊ नका. सफाई कर्मचाऱ्यांना हे बजावून सांगावेच लागते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आणि न्हाणीघरांत?

उत्तर १: खरखरीत, लहान टाइल्स, एपॉक्सीने (पाणी न शोषणाऱ्या राळेने) भरलेले सांधे आणि जाळीकडे पुरेसा उतार.