सोडून देणारे सगळेच निर्दयी नसतात

पाळलेले प्राणी सोडून देणाऱ्यांबद्दल "लोकांना मनच नसतं, म्हणून प्राणी सोडतात" असं म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. बहुतेकांची फसगत विकत घेतानाच होते.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या काकूंनी नातवासाठी लाल कानाचं कासव आणलं, तेव्हा ते दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं होतं. दुकानदार म्हणाला, एवढंच राहतं. खरं तर ही मूळची अमेरिकेतली जात ताटलीएवढी होते आणि तीस वर्षंही जगते. मी पाहिलं तेव्हा ते बाल्कनीतल्या टबात होतं, डोळे सुजून मिटलेले, पाठ बोटाने दाबली तर लवत होती. ऊन नाही, खायला नुसते कोरडे दाणे. काकू रडवेल्या होऊन विचारत होत्या, "पाषाणच्या तलावात सोडून येऊ का गं?" कृपा करून असं कुणी करू नका! तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

दुसरं कारण भीती. इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (छोटा अजगर), आफ्रिकन ग्रे पोपट यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसले की लोक घाबरतात आणि रात्री प्राण्याचं खोकं प्राणी बचाव केंद्राच्या फाटकाशी ठेवून जातात. आत काय आहे, काय खातं, किती दिवस आजारी आहे, काहीच कळत नाही. निदान एक चिठ्ठी तरी ठेवा हो! नाहीतर सरळ वन विभागाच्या 1926 वर फोन करा.