'विंटेज'ला मराठीत काय म्हणावं? जुनं, जुनाट, जुनवट की आणखी काही?

माजघर
परवा रविवारी जुन्या बाजारातून तांब्याचं एक घंगाळ आणलं. (बुधवारी आणि रविवारी भरणारा बाजार मंगळवार पेठेत, हे पुण्यालाच जमतं.) काळंकुट्ट, एका कडीचा खिळा निसटलेला, बुडाला हिरवे डाग. घासूनपुसून हॉलमध्ये ठेवायचं आणि आत मनीप्लांट लावायचा असा बेत आहे.

तर या एका घंगाळाला दोन तासांत चार विशेषणं मिळाली. विकणारे काका म्हणाले, "ताई, जुना माल आहे, वजनावर नाही मिळायचा." जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अय्या, अँटिक!" मुलीने फोटो काढून खाली लिहिलं "विंटेज". आणि आत्याने (वय ८४) चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे जुनाट कुठून उचलून आणलंस? असली तीन मोडीत घातली आम्ही."

चौघंही वयाबद्दलच बोलत होते, पण काकांच्या तोंडी भाव चढला, आत्याच्या तोंडी उतरला. मला मुलीच्या "विंटेज"साठी मराठी शब्द हवा आहे. "प्राचीन" म्हटलं की लेणी डोळ्यांपुढे येतात, "पुरातन" म्हटलं की देऊळ. घंगाळाला काय म्हणू?

सदाशिवपेठी
घंगाळ म्हणा.

माजघर
आभारी आहे. दुपारी एक ते चारमध्ये उत्तर मिळालं हेच खूप.

शब्दकिडा
आधी "विंटेज"चीच जात बघू. मुळात तो द्राक्षांच्या मळ्यातला शब्द. लॅटिन "विंदेमिया" म्हणजे द्राक्षांची तोडणी, त्यावरून फ्रेंच "वांदांज", आणि तिथून इंग्रजी. अमुक साली तोडलेल्या द्राक्षांची दारू ती त्या सालची विंटेज. म्हणजे मूळ अर्थ "जुनं" असा नाहीच, "अमक्या सालचं" असा आहे. मोटारवाल्यांनी शब्द उचलला तोही सालासकट. पहिलं महायुद्ध संपल्यापासून १९३० पर्यंतच्या गाड्या त्यांच्या लेखी विंटेज. ऑनलाइन जुन्या वस्तू विकणाऱ्यांनी तो आणखी सैल केला, तिथे वीस वर्षं झाली की पुरे. त्या हिशोबाने माझा पहिला मोबाइल विंटेज आहे.

"अँटिक"चं प्रकरण वेगळं. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. त्यात शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंचाहत्तर. तेव्हा काकूंचं "अँटिक" घंगाळावर काही सापडेपर्यंत राखून ठेवा.

आता मराठी. जुना आणि जून हे सख्खे भाऊ. संस्कृत "जूर्ण", प्राकृत "जुण्ण", त्यातून दोघे निघाले. पण संसार वेगळे थाटले. भेंडी जून झाली की टाकायची. लाकूड जून झालं की सुतार खूश. तांदूळ जुना झाला की भाव वाढतो. जुन्या वस्तूला एकच एक शब्द मराठीने ठेवला नाही, कारण कोणती वस्तू जुनी झाली यावर सगळं अवलंबून.

गोधडी
आणि कापड जुनं झालं की "जुनेर". माझी आजी "जुनेरं काढ" म्हणायची म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या. त्याला फाटकं म्हणायचं नाही, चिंधी तर नाहीच. बाळंतिणीला, बाळाला आणि गोधडीला जुनेरच लागतं, नवं कापड टोचतं. मी हल्ली आईच्या इरकली जुनेरांच्या उशांच्या खोळी शिवते, धावदोरा घालून. घेणाऱ्या मुली "विंटेज कुशन" म्हणतात. मी पावतीवर "जुनेराची खोळ" लिहिते. एकीने विचारलं, हे जुन्नरचं कापड का?

रविवारचा सुतार
चर्चा शब्दांची आहे, पण एक भेद राहतोय. घंगाळ खरंच जुनं आहे. माझ्याकडे लोक येतात ते नवीन वस्तू जुनी करून मागायला! नोकरी आयटीत, रविवारी हा उद्योग. नव्याकोऱ्या टेबलाला "विंटेज लुक" हवा असतो. याला काय म्हणायचं?

कसं करतो ते सांगतो, म्हणजे शब्द शोधायला सोपं जाईल. आधी गडद रंगाचा हात. वाळला की कडांवर, कोपऱ्यांवर, खणाच्या मुठीभोवती साधी मेणबत्ती घासायची. मग वर फिका रंग. मेण असेल तिथे तो धरत नाही, पॉलिश पेपर फिरवला की सुटून येतो आणि खालचा गडद रंग दिसतो. खुबी मेण कुठे घासायचं यात आहे. माणसाचा हात जिथे लागतो, पाय जिथे घासतो, तिथेच वस्तू झिजते. टेबलाच्या मधोमध ठिपके उडवलेले दिसले की समजावं, करणाऱ्याने जुनं टेबल कधी वापरलेलं नाही.

नुसतं लाकूड काळवंडायचं असेल तर भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी व्हिनेगरमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवायची. लाकडाला आधी कोरा चहा, तो वाळला की हे पाणी. चहातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की डोळ्यांदेखत लाकूड पन्नास वर्षांनी मोठं होतं.

उलट, खरोखर जुन्या रंगवलेल्या दाराला किंवा खिडकीला कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगांत शिसं दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात किती असेल ते डब्यावरही लिहिलेलं नसे. पाणी मारून ओलं घासा, तोंडाला मास्क बांधा, लहान मुलं असतील तर गॅलरीतसुद्धा नको.

शब्दकिडा
सुतारबुवांनी खरं बोट ठेवलं! खारवट, काळपट, मातकट हे शब्द बघा. खारवट म्हणजे खारट नव्हे, खाऱ्याची झाक असलेलं. मातकट म्हणजे माती नव्हे, मातीची छटा. तसंच "जुनवट". जुन्याची झाक असलेलं. "जुनवट वळणाचं घर" म्हणतो तेव्हा घर कालपरवा बांधलेलंही असू शकतं. तेव्हा तुमचं मेणबत्तीवालं टेबल जुनवट, घंगाळ जुनं, आणि आत्याबाईंचं "जुनाट" हे मत झालं. जुनाट खोकला, जुनाट विचार. प्रत्ययातच नाक मुरडलेलं आहे.

रविवारचा सुतार
जुनवट घेतला. पण क्रियापद? जुनं होणं म्हणजे "जुनावणे" (दुखणं जुनावलं). मी टेबलाचं जे करतो ते मग "जुनाववणे"?

सदाशिवपेठी
त्याला फसवणे म्हणतात.

आता थोडं मोठं लिहितो, कारण मुद्दा सोडायचा नाही. पहिल्या प्रतिसादात मी चेष्टा केली नव्हती. केळकर संग्रहालयात जाऊन बघा. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर वाड्यावाड्यांतून, गावोगाव फिरून घरगुती वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. तिथे "विंटेज" एकही नाही. अडकित्ता आहे, वज्री आहे, लामणदिवा आहे, करंडा आहे. नाव माहीत नसलं की माणूस विशेषण लावतो. पायाची टाच घासायच्या पितळी वज्रीला परवा एका कॅफेत "विंटेज ब्रास डेकोर" अशी चिठ्ठी लावलेली पाहिली. कॉफी तशीच ठेवून उठलो. (पैसे दिले होते, त्यामुळे थोडी पिऊन.)

घर सजवताय ना? मग दिवळी आणि कोनाड्यातला फरक सांगा. दिवा मावतो ती दिवळी, दिव्याबरोबर डबा, पोथी, चष्मा हे सगळं मावतं तो कोनाडा. फडताळ म्हणजे सरसकट कपाट नव्हे. खुंट्यांची पट्टी ती खुंटाळं, तिला "वॉल हूक" काय म्हणता? वाडे पडले तेव्हा त्यांच्या महिरपी आणि सुरूचे खांब विकले गेले. आता त्या महिरपीत आरसा बसवून बाणेरच्या फ्लॅटमध्ये लावतात. लावा बापडे. पण तिला "आर्च" म्हणू नका. महिरप मूळची अरबी, मिहराब. आपण तिला घरात घेतलं, ताटाभोवती रांगोळीतसुद्धा बसवलं.

गोधडी
आमच्याकडे सोलापूरकडे दिवळीला देवळीही म्हणतात. आणि कोनाड्यात चष्मा ठेवला की तो सापडत नाही हा अर्थही त्यात असतोच.

वजनकाटा
आमचं भांड्यांचं दुकान होतं, आता मी वेगळा व्यवसाय करतो. दोन-तीन शब्द आमच्या गल्ल्यावरचे देतो.

"मोड" म्हणजे जुनं भांडं देऊन त्याच्या वजनाचे पैसे नव्यात वळते करणं. आत्याबाई म्हणाल्या ते "मोडीत घातलं" ते हेच. मोडीत भांड्याचं वय कोणी विचारत नाही, फक्त धातू. नव्याला घडणावळ लागते, मोडीत ती बुडते. म्हणून जुन्या बाजारातले काका "वजनावर नाही मिळायचा" म्हणाले, ते या चर्चेतलं सगळ्यात नेमकं वाक्य आहे. जी वस्तू वजनावर विकली जात नाही ती तुमची विंटेज. "विनावजनी" असा शब्द करा हवा तर.

दुसरा शब्द, "हॅमर्ड फिनिश" म्हणून सध्या जे तांब्याचे पेले, दिवे, कुंड्या विकतात, त्याला कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम म्हणतात. भांडं घडवून झालं की हातोडीने एकेक ठोका शेजारी शेजारी देत जायचं, याला मठारणं म्हणायचं. शोभेसाठी नंतर झालं ते, मुळात ठोक्यांनी पत्रा कडक होतो म्हणून. ठशाने छापलेले खळगे सगळे सारखे असतात, मठारलेले जवळून बघितले तर एकासारखा दुसरा नसतो. बोट फिरवलं तरी कळतं.

तिसरा, घंगाळावरचे हिरवे डाग. त्याला गंज म्हणू नका, गंज लोखंडाला. तांब्या-पितळेवर चढतो तो जंगाल, किंवा कळंक. त्यावरूनच "ताक कळकलं". कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं. झाड लावणार असाल तर थेट माती घालू नका, आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, नाहीतर पाणी आणि खत दोन्ही मिळून बूड खातील. आणि चिंच-मीठ लावून पार लख्ख करायचं की काळेपणा थोडा राखायचा हे आधी ठरवा. लख्ख करणं सोपं आहे, काळं परत यायला वर्षं लागतात.

माजघर
बुडाला चिंच लावलीच नाही, तिथला काळेपणा तसाच ठेवला. आतून पुसून घेतलं, आणि फक्त काठ घासला. तिथे ठिपके लागले हाताला.

नाव घातलंय. छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांचं. "चि. सौ. कां." मग एक नाव (इथे देत नाही), मग "हिस मामांकडून, वैशाख शके १८७४".

शब्दकिडा
१८७४ अधिक ७८, म्हणजे १९५२ चा उन्हाळा, लग्नसराई. अँटिक बाद, अजून शंभर झाली नाहीत. पण विंटेज अगदी मूळ अर्थाने! सालासकट. माजघरताई, तुमचा शब्द काठावरच होता. "नाव घातलेलं" भांडं.

वजनकाटा
मोडीत नाव घातलेली भांडी यायची तेव्हा वडील नाव वाचून मग काट्यावर ठेवायचे. का ते कधी विचारलं नाही.

सदाशिवपेठी
"नाव घातलेलं" चालेल. बिननावाच्या वस्तूला मात्र लावू नका.

माजघर
आत्याला वाचून दाखवलं. तिने घंगाळ ओढून जवळ घेतलं आणि नावावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, पानशेत धरण फुटून शिरलेलं पाणी ओसरलं तेव्हा (१२ जुलै १९६१, तिला तारीख विचारावी लागत नाही) नारायण पेठेत त्यांच्या वाड्याच्या चौकात गाळातून काढलेल्या भांड्यांचा ढीग होता. कोणाचं काय ते काठ चोळून, नाव वाचून वाटून घेतलं. बिननावाची उरली ती तशीच पडून राहिली, तीच मग मोडीत गेली. त्यात तीन घंगाळं होती.

मनीप्लांट लावू का विचारलं. "लाव की," म्हणाली. "फक्त नाव भिंतीकडे करू नकोस."