शब्दचर्चा: ‘शुद्ध’, ‘जाग’ आणि ‘भान’ – डोळे उघडले म्हणजे नेमकं काय झालं?

पूर्णाकाठ (परभणी):
चुलतभावाची मोटारसायकल रात्री उसाच्या ट्रॉलीवर आदळली, डोक्याला जबर मार. संभाजीनगरला दवाखान्यात एकविसाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. काकूनं लगेच गावाकडं फोन लावला, “लेकरू शुद्धीवर आलं!” डॉक्टर मात्र म्हणाले, “डोळे उघडलेत, शुद्ध आली असं म्हणू नका.” कागदावरचं इंग्रजी ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ मोबाईलवर टाकलं तर ‘वनस्पतिजन्य अवस्था’ असं आलं. हे काकूला कसं सांगू? आपल्यात याला शब्द हाय का न्हाई?

बोरूबहाद्दर:
वनस्पतिजन्य तेल असतं हो, माणूस नाही! जेनेट आणि प्लम या दोघांनी १९७२ मध्ये ती संज्ञा काढली तेव्हा अर्थ एवढाच होता की श्वास, पचन, झोपणं-उठणं आपसूक चालू आहे, पण मन कुठं दिसत नाही. लोकांनी त्याची भाजी केली. म्हणून २०१० मध्ये ‘प्रतिसादाविना जाग’ अशा अर्थाचं नाव सुचवलं गेलं. ते वाचून मला हसूच आलं, कारण ‘जाग’ आणि ‘भान’ हे दोन वेगळे शब्द आपल्याकडं आधीपासून आहेत. जाग पापणीला येते, भान माणसाला असतं.

आता ‘शुद्ध’. कीर्तनात ‘सीताशुद्धी’ ऐकलं असेल. मारुती लंकेत सीता शुद्ध करायला गेला नव्हता, तिचा ठावठिकाणा काढायला गेला होता. शुद्धी म्हणजे पत्ता, खबर. हिंदीतली ‘सुध लेना’ तीच. म्हणून ‘शुद्ध नाही’ यात मला तरी ‘माणूस आत कुठं आहे त्याचा पत्ता नाही’ असंच ऐकू येतं. (व्युत्पत्ती एवढी सरळ नसेलही, पण अर्थ चपखल बसतो.)

आणि ‘कोमा’ जपून वापरा. अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत ‘कोमात’ होत्या असं पेपरांनी छापलं. कोमात डोळे मिटलेले असतात आणि तो सहसा काही आठवड्यांच्या पुढं जात नाही.

सिस्टर_लातूर:
आयसीयूत आमच्याकडं शुद्ध किती आहे ते गुणांत मोजायची १९७४ ची ग्लासगो मोजणी चालते: डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. शून्य कुणालाच नाही, कमीत कमी ३. घशात नळी असेल तर बोलण्याचे गुण धरताच येत नाहीत, त्यामुळं नातेवाइकांनी नुसत्या बेरजेवर जाऊ नये.

तुमच्याकडच्या बायाच बरोबर विचारतात बघा: “नुसतं बघतंय, का वळखतंय?” हाच खरा प्रश्न. नजर मागं फिरते का हे तपासायला माणसाच्या तोंडासमोर आरसा धरून हळूहळू सरकवतात. दुसऱ्या वस्तूंपेक्षा स्वतःच्या तोंडामागं नजर जास्त जाते. एकदा तपासून भागत नाही, सकाळी दिसलेलं दुपारी दिसत नाही. कधी दिसतं, कधी नाही, अशा अवस्थेला २००२ पासून वेगळं नाव आहे. मी ‘अधूनमधून भान’ म्हणते.

पूर्णाकाठ:
पण येईल का, ह्याचं भाकीत कुणी करंना.

सिस्टर_लातूर:
‘भाकीत’ पंचांगवाल्याला ठेवा, इथं ‘अंदाज’ म्हणा. अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांनी २०१८ मध्ये सांगितलं की पहिल्या २८ दिवसांत ‘काही आशा नाही’ असा सूर डॉक्टरांनी लावू नये. त्याच वेळी ‘कायमची अवस्था’ हा शब्द काढून ‘दीर्घकालीन’ घातला. मार लागून झालेल्या इजेत वर्षभर वाट बघतात. हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू मिळाला नसेल तर ती मुदत कमी. २०२४ मध्ये तर सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांना मेंदूतलं काम टिपणाऱ्या यंत्रांनी तपासलं, त्यातल्या ६० जणांचा मेंदू आतून सांगितलेलं करत होता. हात हलव म्हटलं की हात नाही हलायचा, मेंदू हलवायचा. पण ती यंत्रं जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळायची नाहीत, आणि त्या ६० मध्ये तुमचा भाऊ बसेल असंही मी म्हणत नाही.

बोरूबहाद्दर:
मग ‘बेशुद्ध’ म्हणायचं तरी कसं? पत्ता नाही असं नव्हे, पत्ता आपल्याला लागला नाही.

पूर्णाकाठ:
काकूला सांगितलं, “जाग आली, भान यायचंय.” थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आरसा कोणता नेऊ, कपाटाचा का त्याचा दाढीचा?”