गोव्यात बसून डेटा प्रायव्हसीची वकिली: पोट भरेल का?

काळाकोट_म्हापसा (धागाकर्ता)

सनद घेऊन सहा वर्षं झाली. म्हापशाला सिनियरकडे इन्व्हेंटरी (वारसांतली वाटणी), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ, वाटेचे हक्क हेच करत आलोय. आता ठरवलंय, यापुढे कोर्टात उभं राहायचं ते डेटा प्रायव्हसीच्या प्रकरणांसाठी. सिनियरना सांगितलं तर म्हणाले, "आधी तो गडगा कोणाचा ते सिद्ध करून दाखव, मग डेटाचं बघू."

हे खूळ कुठून आलं ते सांगतो. पुण्याची एक मुलगी मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावरच्या एका लॉजवर उतरली होती. काउंटरवर लांबोडकं रजिस्टर उघडं पडलेलं, सुतळीला बांधलेलं बॉलपेन. नाव, गाव, मोबाइल, खोली नंबर, सही. रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून मेसेज: "२०४मध्ये ना तुम्ही?" नंतर आणखी नऊ. पोलिसांत गेल्यावर माणूस सापडला. रजिस्टरमध्ये तिच्या खालच्याच ओळीत त्याची सही होती.

त्याच्यावर पाठलागाचा गुन्हा दाखल झाला, ते ठीक. पण लॉजचं काय? मालक म्हणे, रजिस्टर ठेवणं आम्हाला सक्तीचं आहे. सक्ती ठेवण्याची आहे हो, उघडं ठेवण्याची नाही! आम्ही ग्राहक आयोगात गेलो. २०१९च्या ग्राहक कायद्यात विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, कलम २(४७). दुसऱ्या तारखेला समेट झाला.

सुप्रीम कोर्टाच्या पुट्टस्वामी निकालात २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ला डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये नियम आले. दंड २५० कोटींपर्यंत. आणि आपल्या गोव्यात कोण माहिती घेत नाही? हॉटेलं, कसिनो, इस्पितळं, भाड्याच्या स्कूटरवालासुद्धा लायसन्सचा फोटो काढून ठेवतो. काम इथंच आहे, करणारा वकील नाही. तुमचं मत काय?

जुना कुलमुखत्यार

मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. तू ज्या कायद्याच्या भरवशावर उडी मारतोयस, त्याने वकिलाला दारातच अडवलंय. कलम ३९ वाच. त्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण बोर्डाच्या अखत्यारीतल्या विषयावर दिवाणी कोर्टाला दावा घेताच येत नाही. बोर्डाच्या आदेशावर अपील ६० दिवसांत टीडीसॅट या दूरसंचार लवादापुढे, म्हणजे दिल्ली. आणि तो २५० कोटींचा दंड जातो कुठे? भारताच्या संचित निधीत. तुझ्या पुण्याच्या मुलीला दमडी मिळत नाही. वर तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तिलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. ज्या अशिलाच्या हाती काही पडणार नाही, तो तुला फी कशातून देणार?

आणखी एक. तुझं ते लांबोडकं रजिस्टर या कायद्यात बसतच नाही. हा कायदा फक्त डिजिटल माहितीचा, किंवा कागदावर घेऊन मागाहून डिजिटल केलेल्या माहितीचा. सुतळीला बांधलेल्या बॉलपेनचा नव्हे.

इन्व्हेंटरीत पंचवीस वारसदार असतात, त्यातले सहा लंडनला. एक मॅटर पंधरा वर्षं चूल पेटती ठेवतं. हसू नकोस, माझं घर त्यावरच बांधलंय.

काळाकोट_म्हापसा

काका, रजिस्टरचं मान्य. पण त्याच लॉजवाल्याने चौघींच्या आधारचे फोटो आपल्या मोबाइलवर काढले आणि मॅनेजरला व्हॉट्सॲपवर पाठवले. ते डिजिटल नाही तर काय?

आणि दार एकच नसतं. ग्राहक आयोग म्हणजे दिवाणी कोर्ट नव्हे. सरकारी खात्याने माहिती उधळली तर पर्वरीला हायकोर्टाच्या खंडपीठापुढे घटनेच्या कलम २२६खाली रिट आहेच. शिवाय आयटी कायद्याचं ४३-अ अजून जिवंत आहे. नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदी मे २०२७मध्ये लागू होतील तेव्हाच ते जाईल. तोवर राज्याच्या आयटी सचिवापुढे ५ कोटींपर्यंतची भरपाई मागता येते.

जुना कुलमुखत्यार

४३-अ संवेदनशील माहितीपुरतं. पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. मोबाइल नंबर आणि खोली नंबर त्या यादीत दाखव, मी तुला पोदेराकडचे पाव दर रविवारी घरपोच देईन.

शिरसईची_बंगळुरात

मी गोव्यातच कायदा शिकले, आता एका कंपनीत हेच काम करते, म्हणून बोलते. दादा, तुम्ही दोन वेगळी माणसं एकत्र करताय. प्रायव्हसीतला पैसा कोर्टात नाही, कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणून आधी जी कागदपत्रं होतात त्यात आहे. संमतीचा मजकूर, विक्रेत्यांशी करार, माहिती फुटली तर कोणाला किती वेळात कळवायचं याची पद्धत. फुटल्याचं कळवलं नाही म्हणून २०० कोटींपर्यंत दंड आहे, कंपन्या त्या भीतीने पैसे मोजतात. गेल्या चार वर्षांत मी काळा कोट एकदाच घातला, तोही भावाच्या लग्नात, स्वस्तात पडला म्हणून.

तुमच्या डोक्यात युरोप असणार. ऑस्ट्रियाचा मॅक्स श्रेम्स कायद्याचा विद्यार्थी असताना फेसबुकच्या मागे लागला आणि युरोप-अमेरिकेमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था २०१५ आणि २०२० अशी दोनदा रद्द झाली. खरं आहे. पण तिथल्या जीडीपीआर या डेटा कायद्यात कलम ८२ आहे, पीडिताला भरपाई मिळते. आपल्याकडे तेच वगळलंय. आणि भरपाईची सोय असूनही ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये गूगलविरुद्धचा ४० लाखांहून जास्त आयफोनवाल्यांच्या वतीने आणलेला दावा फेटाळला. प्रत्येकाचं नेमकं काय नुकसान झालं ते दाखवा, म्हणाले. तुमच्या मुलीचं नुकसान तुम्ही आकड्यात कसं मांडलं होतं?

काळाकोट_म्हापसा

मांडलं नव्हतं. लॉजचं भाडं परत, परतीची तिकिटं बदलल्याचा खर्च आणि मानसिक त्रासाचा एक आकडा, जो मी खरं सांगायचं तर अंदाजाने लिहिला. समेटात त्याचा चौथा हिस्सा मिळाला. माझ्या फीत बाइकचे दोन टायर आले.

वाळपईचा अर्जदार

मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने उभे राहणार?

गोव्यात माहिती अधिकाराचा कायदा १९९७चा, देशाच्या आठ वर्षं आधीचा. मी पंचायतीत अर्ज घालत म्हातारा झालो. आता याच डेटा कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी खासगी माहिती नाकारताना अधिकाऱ्याला सार्वजनिक हिताचा विचार करावा लागे. आता त्या कलमात नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. गेल्या महिन्यात एका घराच्या बांधकाम परवान्याची प्रत मागितली, तर उत्तर आलं, अर्जदाराचं नाव वैयक्तिक आहे. शेतात काँक्रीट ओतणाऱ्याचं नाव वैयक्तिक! उद्या त्याच्या वतीने 'प्रायव्हसीचा वकील' म्हणून तुम्हीच उभे राहाल, आणि तो तुम्हाला फीपण रोख देईल.

काळाकोट_म्हापसा

हे लागलं. पण कलम ८(२) शाबूत आहे ना? सार्वजनिक हित जड असेल तर माहिती देता येते. त्या 'जड'चा अर्थ कोण ठरवणार? आधी माहिती आयोग, मग पर्वरी. तिथं तुमच्या बाजूने उभं राहायला प्रायव्हसी कायदा आतून माहीत असलेला माणूसच लागेल. ते उत्तर मला दाखवा, पहिल्या अपिलाचे ३० दिवस उलटायच्या आत.

वाळपईचा अर्जदार

दाखवतो. पण फी?

काळाकोट_म्हापसा

एक फणस.

जुना कुलमुखत्यार

बघा, म्हणून म्हटलं इन्व्हेंटरी बरी.

पण पोरा, एक काम मात्र शिकून ठेव, ते कुठेही उपयोगी पडेल. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घेऊन आलेल्या चार पक्षकारांतले तीन माझ्यासमोर पुराव्यात पडले, कारण प्रमाणपत्र नव्हतं. आपल्या जालन्याच्या निवडणूक याचिकेत, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी ६५-बचं प्रमाणपत्र बंधनकारक म्हटलं. आता साक्ष अधिनियमात ते कलम ६३ झालंय, दोन भाग आहेत, एक उपकरणवाल्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. तुझ्या मुलीचा तो साडेअकराचा मेसेज तू कसा दाखल केला होतास?

काळाकोट_म्हापसा

झेरॉक्स. रंगीत.

जुना कुलमुखत्यार

समेट झाला हे तुझं नशीब.

कळंगुटचा_खोलीवाला

दोन दिवस वाचतोय, आता बोलतो. माझ्या नऊ खोल्या आहेत. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म सरकारकडे भरावा लागतो. देशी पाहुण्यांच्या आधारच्या झेरॉक्स आहेत, तीन वर्षांचे गठ्ठे, जिन्याखाली गॅस सिलिंडरच्या बाजूला. गेल्या पावसात खालचे दोन गठ्ठे भिजले, तर रूम बॉय ते वाळवायला गच्चीवर पसरत होता. लोकांचे चेहरे उन्हात पडलेले पाहून मलाच कसंतरी झालं. हे जाळू, की ठेवू? आणि माझ्या मोबाइलवर जे फोटो आहेत त्यांचं काय? फी असेल ती देतो. रोख नको म्हणत असाल तर जीपे.

शिरसईची_बंगळुरात

दादा, हे माझं काम होतं, कोर्टाचं नव्हे.

जुना कुलमुखत्यार

अशील आलं खरं, पण लॉजवाल्याचं. मुलीचं नव्हे.

काळाकोट_म्हापसा

मान्य आहे काका, दोन्ही मान्य. खोलीवाले, काहीही जाळू नका. आधी कुठले कागद ठेवणं सक्तीचं आहे ते बघू, बाकीचं मागाहून. जिन्याखालून मात्र आजच हलवा आणि कुलुपात ठेवा. मोबाइल घेऊन म्हापशाला या. शुक्रवार सोडून कधीही, त्या दिवशी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.