दिल्लीत न्याहारीसह घरगुती निवास: कोणता भाग सोयीचा?

प्रश्न: डिसेंबरअखेर आईवडिलांना घेऊन चार दिवस दिल्ली पाहायची आहे. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी, न्याहारीसह राहण्याचा विचार आहे. लाल किल्ला आणि हुमायूनची कबर दोन्ही सोयीचे पडतील असा भाग सुचवावा.

उत्तर १: जंगपुरा पाहावे. हुमायूनची कबर तेथून जवळ आहे आणि व्हायोलेट मार्गाची मेट्रो गाडी न बदलता लाल किल्ल्यापर्यंत नेते. सोमवारी मात्र किल्ला बंद असतो.

उत्तर २: आम्ही तेथेच उतरलो होतो. यजमानीणबाई तव्यावरचे मुळ्याचे पराठे लोण्यासह थेट ताटात वाढत. पण खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि हीटरचे पैसे वेगळे, हे पोहोचल्यावरच कळले. आईवडील सोबत असल्याने या दोन्ही गोष्टी आधी फोनवर विचारून घ्याव्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. लिफ्टचे माझ्या ध्यानातच आले नव्हते.