आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ: मूळ स्वरूपात चालवावा की आत नवे किट बसवावे?

जिंतूरकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. जिंतूर तालुक्यातील आमच्या गावचे माळवदाचे घर या उन्हाळ्यात उतरवले, तेव्हा माजघरातल्या कोनाड्यातून आजोबांचा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा (म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ हाती आला. लाकडी पेटी, पुढचे सोनेरी विणीचे कापड आणि दिल्ली, लंडन, सिलोन अशी नावे छापलेली डायलची काच शाबूत आहे. मागचा पुठ्ठा मात्र उंदरांनी पार कुरतडला आहे. सोबत पोस्टातून मिळालेले परवान्याचे पुस्तकही सापडले. रेडिओ बाळगण्यासाठी त्या काळी दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे, हे मुलीला सांगितले तर तिला ती थट्टाच वाटली.

१९७१ च्या युद्धाच्या बातम्या ऐकायला निम्मे गाव आमच्या ओसरीवर जमत असे, असे वडील सांगतात. माझी आठवण त्यानंतरची आहे: सकाळचे परभणी केंद्र, आणि बटण दाबल्यावर आवाज यायला वेळ लागला की आजोबांचे ठरलेले वाक्य, "थांबा, डबा तापू द्या."

तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीवाल्याला विचारले. त्याने पेटी न उघडताच सांगितले की आतले सगळे काढून एफएम, पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथचे किट बसवून देतो. मला ते पटत नाही, परंतु केवळ शोभेसाठी कपाटावर ठेवायचीही इच्छा नाही. हा रेडिओ मूळ स्वरूपात चालू होऊन रोज वापरता येईल काय, आणि झालाच तर आज त्यावर ऐकण्यासारखे काही उरले आहे काय? मी अजून प्लग लावलेला नाही.

सिरीज_बोर्ड

आपण प्लग लावला नाही, हे फार चांगले केले. असे कित्येक संच "चालतो का बघू" या एका उत्सुकतेपायी जळालेले मी पाहिले आहेत.

व्हॉल्व्ह सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे सुटे भाग. त्या काळचे कागदी कंडेन्सर मेण किंवा डांबरासारख्या लेपाने बंद केलेले असत. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यांत तो लेप वितळतो, तडकतो, पावसाळ्यात आत दमट हवा शिरते आणि कंडेन्सर वीज झिरपू देऊ लागतो. आवाजाच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रीडला (आतल्या प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला कंडेन्सर झिरपला की त्या व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर विद्युतप्रवाह वाहतो, आणि काही मिनिटांत व्हॉल्व्ह तरी जातो किंवा स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर तरी. म्हणून संच चालू करण्यापूर्वी तो एक कंडेन्सर न तपासता सरळ बदलावा; त्याच क्षमतेचा, ४०० किंवा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर चालतो आणि तो अगदी स्वस्त असतो. वीजपुरवठ्याच्या भागातले मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही वर्षानुवर्षे पडून राहिल्याने निकामी झालेले असतात.

त्यानंतरही संच थेट मेनवर लावू नये. सिरीज बोर्डावर (ज्यात संचाची वीज आधी एका बल्बमधून जाते) ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून त्यातून वीज द्यावी. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लखलखीत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मात्र हे काम ज्याला जमते त्यानेच करावे, कारण आत दोन-अडीचशे व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राहतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत महत्त्वाची: व्हॉल्व्हवरचे पहिले अक्षर वाचावे. ते 'ई' असेल तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.३ व्होल्टचे आहे आणि संचात बहुधा जड ट्रान्सफॉर्मर दिसेल. 'यू' असेल तर सगळी फिलामेंटे एका ओळीत जोडून थेट मेनवर चालवलेली असतात, आणि अशा संचाच्या लोखंडी सांगाड्यातच मेनची वीज येऊ शकते. त्याला हात लावणे जिवावर बेतू शकते.

किटबद्दल विचाराल तर तो दुरुस्तीवाला लबाड आहे असे मी म्हणणार नाही. व्हॉल्व्हचे काम त्याने कधी पाहिलेच नसेल, एवढेच. वयस्कर कारागीर शोधावा. हल्ली ते दुकानात नसतात, घरी असतात.

औशाची_ओसरी

वरील तांत्रिक सल्ला उत्तम आहे, परंतु 'रोज वापरणे' या शब्दांवर माझा आक्षेप आहे. मी असाच संच हौसेने दुरुस्त करून घेतला आणि सकाळ-संध्याकाळ लावू लागलो. आमच्याकडे विजेचा दाब कधी १७० तर कधी २६०. एका रात्री वीज गेली, परत आली ती भलत्याच दाबाने, आणि रेडिओचा मेन ट्रान्सफॉर्मर जळाला. तो पुन्हा गुंडाळून देणारा माणूस शोधण्यात पावसाळा गेला. आता स्टॅबिलायझरशिवाय मी तो लावत नाही, वीज गेली की आधी त्याचा प्लग काढतो, आणि दिवसाकाठी एखादा तासच ऐकतो, तोही दिवेलागणीनंतर.

दिवेलागणीनंतर याला कारण आहे. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, लहरी त्याहून वरच्या थरावरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रे लागू लागतात. दुपारी जिथे नुसती खरखर असते, तिथे रात्री कानडी, तेलुगू, उर्दू असे काय काय ऐकू येते, आणि सुई केसभर सरकवून एखादे केंद्र पकडण्यात जी गंमत आहे ती ब्लूटूथच्या किटात नाही. खरखर फार वाटली तर घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहावे. निम्मा त्रास त्यांचाच असतो. पूर्वी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली असे, ती नसेल तर दहा-पंधरा मीटर साधी तार बाहेर ताणून लावावी.

गोदाकाठ

किटाचा मोह मुलांसाठी होत असेल तर त्याचीही गरज नाही. त्या काळच्या बऱ्याच संचांच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी 'पिकअप' असे लिहिलेली दोन छिद्रे असत. त्यांत एक तार देऊन मोबाइलचा आवाज सोडला की अभंग असो वा आणखी काही, ते त्याच व्हॉल्व्हमधून आणि त्याच स्पीकरमधून येते, आणि आत सोल्डरचा एकही डाग नव्याने द्यावा लागत नाही. फक्त 'यू' मालिकेच्या संचावर हा प्रयोग कदापि करू नये. मोबाइल तर जाईलच, पण हातात मोबाइल धरणाराही धोक्यात येईल.

जिंतूरकर

सर्वांचे आभार. टॉर्च लावून आत पाहिले. पाच व्हॉल्व्ह आहेत, पाचही 'ई' पासून सुरू होणारे, आणि एका कोपऱ्यात चांगला वजनदार ट्रान्सफॉर्मर आहे. पिकअपची छिद्रेही आहेत. लहानपणी मी त्यांत काडी घातल्याबद्दल मार खाल्ला होता, ती हीच असावीत. परभणीत एका निवृत्त कारागिरांचा पत्ता लागला असून ते येत्या रविवारी संच पाहणार आहेत. दुरुस्तीनंतर तो गावी न ठेवता शहरातल्या घरी स्टॅबिलायझरवर ठेवीन. एक शेवटची शंका: मागचा पुठ्ठा नाहीच, तर त्या जागी प्लायवूडची फळी ठोकून दिली तर चालेल काय?

सिरीज_बोर्ड

बंद फळी चालणार नाही. व्हॉल्व्हची उष्णता बाहेर पडायला वाट हवी. हार्डबोर्ड घ्यावा, वरच्या आणि खालच्या बाजूस छिद्रांच्या ओळी पाडाव्यात, पण छिद्रे इतकी बारीक ठेवावीत की मुलांचे बोट आत जाणार नाही आणि उंदीरही.