जुन्या बेल्टचं ब्रेसलेट करताना चामडं तडकतंय, काय चुकतंय?

मनवा_पुणे
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचे आजोबा एसटीत होते, ते गेल्यावर कपाटात त्यांचा एक तपकिरी बेल्ट निघाला, चांगला दीड इंच रुंद आणि पितळी बक्कलचा. मी, भाऊ आणि आतेबहीण अशी आम्ही तीन नातवंडं, तर त्याची तीन ब्रेसलेट करावीत असं माझ्या मनात आहे. पण तो डायरेक्ट कापायची हिंमत होईना म्हणून रविवारी जुन्या बाजारात जाऊन सात सेकंडहँड बेल्ट घेऊन आले, म्हटलं आधी यांच्यावर हात बसवू.

आत्तापर्यंत चार वाया गेलेत. दोन बेल्टांचं वरचं साल पापुद्र्यासारखं निघालं आणि आत पुठ्ठ्यासारखा भुगा. तिसरा कडक होता म्हणून गरम पाण्यात भिजवून वाकवला तर वाळल्यावर अजूनच कडक झाला आणि तडकला. चौथा दिसायला छान झाला पण हातात बसेचना, माझं मनगट साडेपंधरा सेमी आहे आणि मी एक सेमी जास्त धरून कापलं होतं, वर टिचबटण बसवलं ते दुसऱ्या दिवशी उपटून आलं. माझ्याकडे पेपर कटर, कात्री, फेविकॉल आणि घरातली हातोडी एवढंच आहे. आजोबांच्या बेल्टला हात लावायच्या आधी नक्की काय शिकायला हवं ते सांगा प्लीज.

कातडंकाम_नाशिक
मनवाताई, आधी दुसऱ्या बेल्टांवर करून बघताय हे फार बरं केलंत, बाकी सगळं सुधारता येतं पण कापलेलं चामडं परत येत नाही.

पहिली गोष्ट, बेल्टवर काय छापलंय त्यावर जाऊ नका, टोकाचा पाव इंच तुकडा कापा आणि कापलेली कड उजेडात बघा. आत केसाळ, एकमेकांत गुंतलेले धागे दिसले तर चामडं. वरती चकचकीत पातळ थर आणि खाली कापडाची जाळी दिसली तर ते पीयू, म्हणजे प्लास्टिक. भुगा निघाला तर चामड्याचा चुरा डिंकात मळून केलेली शीट, तुमचे पहिले दोन यातलेच. त्यांना काहीही लावा, ते सोलणारच, सोडून द्या. खरं चामडं असेल तर गाभ्याचा रंग बघा. आतपर्यंत तपकिरी किंवा पिवळसर असेल तर बहुतेक झाडाच्या सालीवर कमावलेलं, निळसर राखाडी असेल तर क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं. हा फरक महत्त्वाचा आहे कारण सालीवरचं चामडं ओलं करून गोल वळवलं की आकार धरून ठेवतं आणि त्याची कड घासून गुळगुळीत होते, क्रोमचं यातलं काहीच नीट करत नाही, ते मऊ राहतं आणि परत सरळ होऊ बघतं.

गरम पाणी अजिबात नको. चामडं उष्णतेनं आक्रसतं आणि लाकडासारखं होतं, तुमचा तिसरा त्यानेच गेला. नळाच्या साध्या पाण्याचा स्पंज दोन्हीकडून फिरवा, भिजत घालू नका, मग मनगटाएवढ्या जाडीच्या बाटलीभोवती कापडी पट्टीनं बांधून सावलीत दोन दिवस ठेवा.

आता माप. पट्टा सपाट असताना मोजलेली लांबी आणि गोल केल्यावर आतला घेर सारखा नसतो, जाडी आत येते. हिशोब सोपा आहे, जाडी गुणिले ३.१४. साडेतीन मिमी जाड बेल्ट असेल तर साधारण ११ मिमी इथेच गेले, म्हणजे तुमचा जास्तीचा एक सेमी यातच संपला. तर १५.५ मध्ये दीड सेमी ढिलाई, १.१ जाडीचे, आणि बटणासाठी एकावर एक यायला २ सेमी, एकूण वीसच्या आसपास कापा. जाड कागदाची पट्टी करून चालणार नाही बरं का, कागदाला जाडी नसते, बेल्टचाच टाकाऊ तुकडा गुंडाळून बघा.

रापी_आरी
कोल्हापूरचा आहे, घरात चपलांचं काम आजोबांपासून. वरचं सगळं बरोबर आहे फक्त एक सांगतो, जुना बेल्ट वाळलेला असतो, त्यातलं तेल गेलेलं असतं, म्हणून तो नुसत्या पाण्यानं वाकवला तरी वरचं साल चिरतंय. आकार देऊन वाळला की आम्ही चपलेला लावतो तसं एरंडेल बोटानं अगदी थोडं चोळा, रात्रभर मुरू द्या, लागलं तर परत. एकदम ओतू नका, चामडं काळं पडतं आणि लिबलिबीत होतं, मग ताणलं की लांबतं.

टिचबटण का उपटलं ते सांगतो, त्याची दांडी दीड-दोन मिमीच्या चामड्यासाठी असते, तुमच्या साडेतीन मिमीत ती पलीकडं पोचतच नाही, ठोकलं तरी नुसती टेकते. म्हणून टोकाचा दोन-अडीच सेमी भाग खालच्या अंगानं रापीनं तासून निम्मा करायचा. रापी म्हणजे आमची चामडं कापायची, तासायची रुंद पात्याची सुरी, पेपर कटरनं हे होत नाही, त्याचं पातं वाकतंय आणि हात कापतो. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर चामडं उपडं ठेवायचं आणि स्वतःपासून लांब ढकलत तासायचं. पहिले दहा तुकडे वाया जातील, जाऊ द्यात.

आणि बटण पाहिजेच असं थोडंच आहे. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवतात. तुम्ही पण एका टोकाला उभी चीर मारा, दुसऱ्या टोकाला वादीची गाठ बसवा, गाठ चिरीतून काढली की झालं. लोखंड नाही, गंज नाही, आणि वादी त्याच बेल्टच्या कडेची निघते. आमच्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यावर कमावतात, २०१९ ला चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं, कमावणाऱ्यांची आठवण मात्र कमीच लोक काढतात. तुमच्या आजोबांचा बेल्ट आतपर्यंत तपकिरी निघाला तर तसल्याच कामाचा असेल, जपून करा.

साधना_ठाणे
मला गाठीची आयडिया खूप आवडली कारण मला निकेलची अ‍ॅलर्जी आहे, स्वस्त बटणांवर निकेलचा मुलामा असतो आणि दोन तासात मनगटावर लाल खाज येणारं गोल उठतं. तुमच्या तिघांपैकी कुणाला खोट्या कानातल्यांनी कान सुजायचा त्रास असेल तर बटण नकोच, नाहीतर स्टीलचं घ्या आणि आतून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा. घामाचे जुने बेल्ट घालायच्या आधी ओल्या फडक्यावर थोडा साबण घेऊन आतली बाजू दोनदा पुसा, बुरशीचा वास असेल तर दोन-तीन दिवस वाऱ्यावर, उन्हात नाही.

मनवा_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार!! काल आजोबांच्या बेल्टचं टोक कापलं, आतपर्यंत तपकिरी आहे, धागेदार, मला इतका आनंद झाला. दोन थर आहेत आणि दोन्ही कडांना शिवण. लांबी १०४ सेमी भरली. तिसरं भोक लांबट झालंय, ते रोज तेच लावायचे, आणि तिथे आडवी भेग आहे. मला तोच भाग माझ्या ब्रेसलेटमध्ये हवाय, चालेल का? आणि दीड इंच मला फार रुंद होतं, उभा अर्धा केला तर?

कातडंकाम_नाशिक
चालेल, पण ते भोक मनगटाच्या वर मधोमध येऊ द्या, बंद करायच्या टोकाजवळ नको, तिथे ताण असतो. भेगेच्या आतून पातळ चामड्याचं अस्तर लावा. फेविकॉल नको, फेविबॉन्डसारखा रबराचा डिंक दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की जोडून हातोडीनं ठोकायचं.

उभा कापलात तर एका कडेची शिवण जाते आणि थर उघडतात, म्हणून कापलेली कड परत शिवावीच लागेल. आरीनं, म्हणजे चामड्याला भोकं पाडायच्या टोकदार हत्यारानं, ४-४ मिमीवर भोकं, मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या. एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो, मशीनची शिवण उसवत जाते तसं होत नाही. मग कड २२० च्या, नंतर ४०० च्या पॉलिश पेपरनं घासा, पाण्याचं बोट फिरवून जाड कापडानं चमक येईपर्यंत रगडा, शेवटी मेण.

मनवा_पुणे
या शनिवारी बोहरी आळीत जाऊन आरी, दोरा, पॉलिश पेपर आणि रापी मिळते का बघते. उरलेल्या तीनपैकी काळ्या बेल्टवर आधी पूर्ण एक करणार, गाठीचं, मग फोटो टाकते. बक्कल कापायचं नाही असं ठरलंय, ते आजीनं मागून घेतलंय. खूप काळं पडलंय, चिंच लावून घासून देऊ ना?

रापी_आरी
आधी चामड्यातून सोडवून घ्या, मगच चिंच. आंबट पाणी चामड्यात गेलं की डाग पडतो आणि तो काही केल्या जात न्हाई. आणि काळ्या बेल्टचा फोटो टाकाल तेव्हा टोक तासलंय ते कडेनं दाखवा, जाडी बघून सांगतो.